खालची ओल

मांडवी, रत्नागिरी
ता. १२ डिसेंबर २०२४

प्रिय निशी,

सलाम आणि सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून म्हणावी तशी नाही. पहाटे चादर लागते आणि आठ वाजले की पुन्हा घाम. नझीरभाईचा कुवेतहून दर जुम्म्याला फोन असतो, त्याची साखर आता ताब्यात आहे म्हणतो. शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड चालू आहे आणि पडदे शिवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडलंय. तुझ्या सानवीची बारावी आहे ना यंदा? तिला माझी दुआ सांग. रात्रीचं जागून अभ्यास करू नको म्हणावं, तू केलास तसा.

पत्र बघून दचकली असशील. तू मुंबईला कॉलेजात होतीस तेव्हा आपण दर आठवड्याला लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच. फोन करणार होते. दोनदा नंबर काढलाही. पण फोनवर तू मधेच बोलतेस, हसवतेस, आणि मला जे म्हणायचं असतं ते राहून जातं. चिपळूण काही लांब नाही, समोर येऊनही बोलता आलं असतं. पण समोर मला जमणार नाही, हे मला माहीत आहे.

तुझा मेसेज मिळाला. भाट्याच्या दिशाताई घराची सजावट करून घ्यायला तुझ्याकडे आल्यात, मासिकातला आमच्या हॉलचा फोटो बघून त्यांनाही तसंच लॅमिनेटचं फ्लोअरिंग हवंय, त्या मला फोन करतील, तर ‘जरा सांभाळून घे’ असं तू लिहिलंस. त्यांचा फोन आला. त्याचं पुढे लिहिते.

आधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आमच्या हॉलमधलं ते फ्लोअरिंग आता नाही. अम्मीचा चाळिसावा झाला, नझीरभाई परत गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ते काढून टाकलं. घरभर बुरशीचा वास सुटला होता. सकाळी दार उघडलं की आधी तो वास यायचा. तुझ्याच भागोजीला बोलावलं. म्हटलं, ज्याने बसवलं त्याला काढताना फार फोडाफोडी करावी लागणार नाही. तुला विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटलं, तुला वाईट वाटेल. एवढ्या हौसेने केलेलंस तू.

आणि हौसेने केलंस हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. अम्मीचे गुडघे थंड शहाबादी फरशीवर दुखायचे. नमाजाला बसली की उठताना भिंत धरायला लागायची. मी तुला नुसतं म्हटलं होतं, एखादा जाड गालिचा बघ. तर तूच म्हणालीस, गालिचा कसला, पावसात कुजेल. लॅमिनेट घालू, लाकडासारखं दिसतं, पायाला ऊबदार लागतं, अम्मीला बरं वाटेल. मी विचारलं होतं तुला, आपल्याकडच्या दमट हवेत चालतं का ते? हो की नाही? तू म्हणालीस, “अगं, आता सगळीकडे घालतात. मी आहे ना.”

तुझ्या त्या तीन शब्दांवर मी तलाकच्या वेळी कोर्टाच्या पायऱ्या चढले आहे, निशी. माझ्या सख्ख्या मावश्या आल्या नव्हत्या. तू सकाळच्या पहिल्या एसटीने यायचीस. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

मार्चमध्ये रमजान चालू होता. तू आणि भागोजी माप घ्यायला आलात. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीपासून लांबच्या बाजूला, फरशीवर हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवलेला. मी तुला फोनवर विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, मापाची खूण आहे, हलवू नकोस. मी अम्मीलाही बजावलं, त्यावर पाय देऊ नको. ती बिचारी त्याला वळसा घालून जायची.

मग ईदच्या आधीच्या आठवड्यात फळ्यांचे खोके आले आणि तीन दिवसांत हॉल झाला. सुंदर झाला होता. मी खोटं कशाला बोलू. रविवारी तुझा पुण्याचा फोटोग्राफर आला. त्याला फोटोत माणूस हवं होतं. तू अम्मीला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलंस, तिच्या पायांतल्या सपाता काढून ठेवल्यास. रोजा होता तिचा. तीन तास ती तशी बसली, पाण्याचा घोटही नाही, आणि दर वेळी तो ‘आजी, इकडे बघा’ म्हणाला की बघायची. जूनमध्ये मासिक आलं तेव्हा तिने तो फोटो शेजारच्या सगळ्यांना दाखवला. “आमच्या निशीने केलेलं,” असं म्हणायची. माझ्या निशीने नाही, आमच्या.

आज इथेच थांबते. उद्या शाळेत लवकर जायचं आहे.

ता. १५

रविवार. पत्र तीन दिवस तसंच टेबलावर पडलेलं. पुढचं लिहायला हात उठत नव्हता.

जूनच्या शेवटी पट्ट्यांचे सांधे फुगायला लागले. आधी बोटाला लागायचे, मग डोळ्याला दिसायला लागले. जुलै लागताच हॉलच्या मधोमध दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या आणि चालताना टकटक वाजायला लागल्या. मी तुला फोन केला. तुला आठवत असेल, तू पहिलाच प्रश्न काय विचारलास. फळी कुठली फुगली, किती फुगली, भिंतीकडची की मधली, यातलं तू काहीच विचारलं नाहीस. तू म्हणालीस, “अम्मी वजू कुठे करतात गं?”

मी म्हटलं, बाथरूममध्ये, आणखी कुठे. तू विचारलंस, पाय पुसतात का नंतर?  अम्मी पाय पुसायची नाही. सत्तर वर्षं वजू करून, हातपाय धुऊन, ती ओल्या पायांनीच नमाजाच्या मुसल्ल्यापर्यंत गेली होती. शहाबादी फरशीला त्याचं काही नव्हतं. तू सुस्कारा टाकलास आणि म्हणालीस, “तेच. लॅमिनेटला पाणी चालत नाही फरीदा. मी सांगायला हवं होतं तुला.” तुझा आवाज इतका समजूतदार होता की मलाच शरम वाटली.

फोन ठेवला आणि मी अम्मीला बोलले.

पहिल्यांदा नीट बोलले. बाथरूमच्या दाराशी टॉवेल टाकला, म्हटलं, पाय पुसून येत जा. ती विसरायची. मग रबरी सपाता आणल्या. त्या घालून घसरेल अशी भीती, म्हणून त्या काढून खुर्ची आणि घमेलं ठेवलं, खुर्चीत बसूनच पाय धू आणि तिथेच पूस. फळ्या तरी फुगतच होत्या. मला वाटायचं, मी शाळेत गेले की ही ऐकत नाही. घरी आले की आधी फरशी बघायचे, मग तिच्याकडे. एकदा मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, “बघ, हे तुझ्या पायांचं.”  ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने हॉलमध्ये येणं बंद केलं. मी सांगितलं नव्हतं तसं. तिचं तिनेच ठरवलं. मुसल्ला उचलून मागच्या पडवीत नेला, जिथे लाकडं आणि नारळाच्या झावळ्या असतात. दिवसभर स्वयंपाकघरातल्या पाटावर बसायची. तुला ठाऊक आहे ती खिडकी तिची काय होती ते. मांडवीच्या रस्त्याने जाणारा कोण तिला हाक मारल्याशिवाय गेला आहे? कोळणी टोपली उतरवून तिथे दम खायच्या, पोरं क्रिकेटचा चेंडू मागायला यायची. ते सगळं जुलैपासून बंद झालं. लोक मला विचारायचे, अम्मी आजारी आहे का. मी म्हणायचे, गुडघे दुखतात.

१० ऑगस्टला तू आलीस. तारीख मला पाठ आहे. हॉलमध्ये उभं राहून सगळीकडे बघितलंस, वाकून एका फळीला हात लावलास. मी चहा टाकायला आत गेले. अम्मी तू आल्याचं कळून पडवीतून उठून आली होती. हॉलच्या उंबऱ्याशी थांबली, आत पाय ठेवला नाही. तिथून तुला म्हणाली,

“बाय, माझ्या पायांनी तुझं काम नासलं. माफ कर हां.”

आणि तू तिच्याजवळ गेलीस, तिचा हात हातात घेतलास, आणि म्हणालीस,

“असू दे अम्मी. वयात होतं असं.”

मी चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होते. मला भरून आलं होतं. मला वाटलं, बघा, किती मोठं मन हिचं. एवढं काम फुकट गेलं, तरी एक शब्द बोलली नाही.

अम्मी १४ सप्टेंबरला गेली. हृदयच थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. फरशीमुळे गेली असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. तू बातमी कळल्यावर दोन तासांत चिपळूणहून आलीस. बायकांत माझ्या शेजारी बसलीस, माझी पाठ चोळत राहिलीस. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलीस. त्या तीन दिवसांत आपण किती बोललो. अम्मीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्यांबद्दल बोललो, तू लहानपणी तापात आमच्याकडे राहिली होतीस त्याबद्दल बोललो. बोलायला वेळ होता, निशी. तुला तीन दिवस होते.

नोव्हेंबरात भागोजी आला. एकटाच आला, पहार आणि हातोडी घेऊन. भिंतीकडची स्कर्टिंगची पट्टी काढली आणि लोखंडी कपाट सरकवायला मला हाक मारली. कपाटाखाली गेल्या सात महिन्यांत कोणाचाही पाय पडला नव्हता. त्याने तिथली फळी उचलली. वरून ती कोरी होती, नक्षीसुद्धा जशीच्या तशी. उलटी केली तर काळी ठिक्कर. खालचा गुलाबी फोम पिळला असता तर पाणी निघालं असतं. त्या फोमखाली थेट आमची जुनी फरशी होती. बाथरूमपासून खिडकीपर्यंत, जिथून अम्मी चालायची, तिथल्या फळ्या त्याने शेवटी काढल्या. त्या त्यातल्या त्यात बऱ्या होत्या.

भागोजी बराच वेळ फळ्या एकावर एक रचत राहिला. माझ्याकडे बघत नव्हता. मग मीच विचारलं, कपाटाखाली अम्मी कशी गेली असेल रे?

तो म्हणाला, “बाय, ही वल खालची हाय. वरनं पानी नाय गेलेला.”

मग हळूहळू सगळं सांगितलं त्याने. आमच्यासारख्या समुद्राकाठच्या जुन्या घरात जांभ्यावर वाळूमाती टाकून फरशी बसवलेली असते, तिच्यातून ओल बारा महिने वर येत राहते. उघड्या फरशीवरून ती उडून जाते म्हणून आपल्याला दिसत नाही. वर फळी घातली की तिला जायला वाट राहत नाही. मार्चमध्ये कोपऱ्यात लावलेला तो प्लास्टिकचा चौकोन मापाची खूण नव्हता. ओल तपासायला त्यानेच लावला होता. दोन दिवसांनी तुझ्यासमोर उचलला, तर आतून थेंब. कोरड्या उन्हाळ्यात थेंब. तो तुला म्हणाला, जाड प्लास्टिक अंथरून, भिंतीवर चढवून, मगच फळी घालायची, आणि खरं तर तळमजल्यावर घालूच नये. तू म्हणालीस, ते जाड प्लास्टिक कोल्हापूरहून यायला आठ दिवस लागतील आणि फोटोवाला रविवारी येतोय.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याला म्हटलं, आता मॅडम नाहीत म्हणून त्यांच्यावर ढकलतोस. तो रागावला नाही. पहार बाजूला ठेवून म्हणाला, “माझी पन चूक हायच. मी काम सोडून जायाला हवा व्हता. तुमच्या आयशीला पावसात मागनं जाताना त्या पडवीत बसलेली बगितली तवा तरी बोलाया हवा व्हता. नाय बोललो. माफी करा.”

एवढंच. त्याला पाच वाक्यं लागली.

तरी मला खात्री करायची होती. मला वाटत होतं, तुला कदाचित कळलं नसेल, गडबडीत विसरली असशील, तुलाही खरंच वाटत असेल की पाण्यामुळेच झालं. मी मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेले, जिथून फळ्या घेतल्या होत्या. म्हटलं, तू कंपनीकडे टाकते म्हणालेलीस त्या तक्रारीचं काही झालं का बघावं. दुकानातला माणूस चांगला होता. त्याने फाईल काढली आणि तू दिलेला अहवाल मला वाचायला दिला, झेरॉक्सही दिली. मी तो इथे उतरवते, कारण तुला शब्द आठवत नसतील.

‘फ्लोअरिंगच्या बसवणीत दोष नाही. ओल तपासून, आवश्यक काळजी घेऊन काम केलेले आहे. घरातील वृद्ध व्यक्ती दिवसातून पाच वेळा पाण्याचा वापर करून ओल्या पायांनी वावरत असल्याने फळ्या फुगल्या आहेत.’

खाली तुझी सही. तारीख ३ जुलै. मी फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू फरशी बघायला आलीस १० ऑगस्टला.

दिवसातून पाच वेळा.

तू हे लिहिताना काय विचार केलास ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आमच्या घरात तू वाढलीस. अम्मी नमाजाला उभी राहिली की आपण दोघी कुजबुजत बोलायचो, तुला कोणी शिकवलं नव्हतं ते. तिचं वजू तुला लहानपणापासून ठाऊक, म्हणून तर ते इतक्या पटकन सुचलं. परक्या माणसाला सुचलं नसतं. कंपनीच्या कोणा साहेबाने ती ओळ वाचली असेल आणि मान हलवली असेल, हां, त्यांच्याकडे असंच. तुला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तू ‘पाच वेळा’ लिहिलंस, निशी. ‘वारंवार’ लिहूनही चाललं असतं.

कागद पर्समध्ये घालून मी घरी आले आणि उघड्या हॉलमध्ये बसले. रागावलेच नाही बराच वेळ. मला फक्त तुझा अम्मीच्या हातावरचा हात दिसत होता. ती माफी मागत होती आणि तू ती घेतलीस. तुला नुसतं म्हणायचं होतं, अम्मी, तुमचं काही नाही त्यात. एवढंसुद्धा नको, नुसतं गप्प राहिली असतीस तरी मी आज हे पत्र लिहिलं नसतं. प्लास्टिक नाही घातलंस, घाई केलीस, मला खूण म्हणून खोटं सांगितलंस, ते मी एक दिवस विसरले असते. कामात होतं. पण तिची माफी तुझी नव्हती घ्यायला.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर तीन दिवस थांबले होते.

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी मी शाळेतून दुपारीच आले. पडवीत अम्मी अस्रची नमाज पढत होती. झाल्यावर ती वळली तेव्हा तिच्या कपाळावर, गालांवर लाल धूळ होती. तळहातही लाल. बाजूला जांभ्याचा एक कोरडा तुकडा फडक्यात ठेवलेला. मला आधी कळेना. मग कळलं. आमच्यात पाणी मिळत नसेल, प्रवासात असाल, किंवा आजाराने पाणी चालत नसेल, तर मातीवर हात मारून तोंडावर, हातांवर फिरवतात. तयम्मुम म्हणतात त्याला. वाळवंटातल्या माणसासाठी आहे ते. आमची विहीर तेव्हा काठोकाठ भरली होती, निशी. पन्हळीतून पाणी वाहत होतं तिच्या बाजूने. आणि ती माती लावून नमाज पढत होती, लेकीच्या फळ्या फुगू नयेत म्हणून.

मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि चोर पकडल्यासारखी पदराने तोंड पुसायला लागली. म्हणाली, “आता पाण्याचा हात लावत नाही हां मी. बघ, वाढलंय का अजून?”

मी तिला थांबवलं नाही. मी तिला म्हटलं नाही, जाऊ दे ती फरशी खड्ड्यात, ऊठ, तुला पाणी गरम करून देते. मी काय केलं ते सांगते. मला बरं वाटलं. वाटलं, चला, शेवटी हिला कळलं. मी आत गेले आणि कपडे बदलले.

त्यानंतर ती वीस-बावीस दिवस जगली. तेवढे दिवस तशीच.

हे मी नझीरभाईला, सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. तुझ्यावर सगळं टाकून मी मोकळी होणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. तिला पडवीत तू नाही बसवलंस, मी बसवलं. मी एक प्रश्न तुझ्याकडून ऐकला आणि आईपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला. फरक एवढाच की मला खरं ठाऊक नव्हतं. तुला होतं. ऑगस्टमध्ये तू एक वाक्य बोलली असतीस, तर तिचे ते शेवटचे दिवस खिडकीत गेले असते, पाण्याने धुतलेल्या तोंडाने. यातलं तुझं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मी रोज शोधते. सापडत नाही.

दिशाताईंचं. त्यांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, येऊनच बघा. त्या गेल्या रविवारी आल्या. साधी बाई आहे. हॉलमध्ये आली आणि गोंधळली, मासिकातली जागा हीच का म्हणाली. मी म्हटलं हीच. फोटोतल्या आजी कुठे आहेत, असं विचारलं तिने. नाहीत आता, एवढं सांगितलं. मग तिला काढलेल्या फळ्यांतली एक फळी दाखवली, वरून आणि खालून. तुमच्या तळमजल्याच्या जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून दोन दिवस ठेवा आणि उचलून बघा, मग काय ते ठरवा, असं सांगितलं. ती म्हणाली, निशिगंधा मॅडम हे काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे, विचारा, सांगतील. तुझ्याबद्दल वाईट बोलले नाही. चांगलंही बोलले नाही. सांभाळून घ्यायचं म्हणतेस ते एवढंच जमलं मला.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. माझी माफी मागायला येऊ नकोस. आलीस तर मी रडेन, तू जवळ घेशील, आणि पुन्हा सगळं तसंच राहील. तू मारुती मंदिरच्या त्या दुकानात जा. फाईल मागून घे. ती ओळ तुझ्या हाताने खोड, आणि खाली लिही की ओल जमिनीची होती, तपासणीत दिसली होती, आणि त्या घरातल्या म्हातारीच्या पायांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. सही कर, तारीख घाल. कंपनी तुला काम देईल न देईल, मला माहीत नाही. अम्मीचं नाव त्या कागदावर नाही, हे मलाही ठाऊक आहे. तो कागद कोणी पुन्हा उघडणार नाही, हेही. तरी खोड. मी जानेवारीत जाऊन बघेन.

सानवीला हे कळू देऊ नकोस. तिला माझ्याकडे यायचं असेल तेव्हा तिने यावं, तिच्यासाठी हे घर तसंच आहे.

शेवटी ‘कळावे’ लिहायची आपली रीत आहे. तुला सगळं आधीपासून कळलेलंच होतं, म्हणून ते लिहीत नाही.

फरीदा